काढलेल्या कोठाराचा पत्ता

बैठकीच्या खोलीत एका खिडकीला निळा पडदा लागला होता, दुसरी उघडीच होती. धाकटी सून स्टुलावर उभी राहून आकडे अडकवत होती आणि खालून सासूबाईंचं सुरू होतं.

"नको गं, काढ तो. खोली पाण्यात बुडाल्यासारखी दिसतेय. जुनेच बरे."

"आई, काल तुम्हीच पसंत केलेत."

"काल दुकानात होते. आज घरात आहे."

धाकटीने हसत पडदा उतरवला आणि ऑफिसची वेळ झाली म्हणून तशीच खाली आली. पडदा निघाला, पण त्याचे आकडे दांडीवरच राहिले. चपला घालताना ती वळून त्या आकड्यांकडे बघत राहिली.

"आता काय झालं?"

"तुम्ही मला काम दिलंत, आई."

"अर्धे पडदे टाकून चाललीस, आणि वर काम म्हणे!"

धाकटी नेमकं काय करते, हे घरात कुणाला धड सांगता येत नाही. कोऱ्या कॉम्प्युटरमध्ये पहिला संसार मांडून देणारा प्रोग्रॅम म्हणजे इन्स्टॉलर. तो लोकांच्या हाती जाण्याआधी ती तपासते. हा इन्स्टॉलर लागेल ते सामान रेपोमधून उचलतो. रेपो म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेलं प्रोग्रॅमचं कोठार. वापरणारा आपल्या पसंतीचं कोठार त्यात जोडू शकतो, नको झालं तर काढू शकतो. कोण कुठे अडखळेल हे आधीच मनात आणून त्याची टेस्ट केस, म्हणजे चाचणीचा प्रसंग, लिहायची, यात धाकटीचा हात धरणारं कुणी नाही. शिवाय चुकणाऱ्या माणसाचा तिला कधी राग येत नाही. देव अशी माया सगळ्यांना देत नाही.

त्या दिवशी मात्र परीक्षा तिचीच होती. ऑफिसातल्या प्रमुखाला सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणतात. इन्स्टॉलरची नवी आवृत्ती संध्याकाळी सोडायची होती. मागच्या खेपेला धाकटीने अशीच आवृत्ती अडवून धरली होती आणि हाती काहीच लागलं नव्हतं.

"ताई, पुन्हा?" त्याने कपाळाला हात लावला. "आता कुणाचा संशय?"

"मन बदलणाऱ्या माणसाचा."

"बरं, संध्याकाळपर्यंत शोधा. नाही सापडलं, तर यापुढे थांबवायचं की सोडायचं, ते मी एकटा ठरवणार."

थांबवण्याचा हक्कच गेला, तर तपासण्याला अर्थ काय? तरी ती कामाला बसली. चुकीच्या पत्त्याचं कोठार जोडलं. इन्स्टॉलरने चूक दाखवली. बरोबर पत्त्याचं जोडून लगेच काढलं, गुमान निघालं. मध्येच इंटरनेटची तार उपसली. त्याचीही इन्स्टॉलरने रीतसर तक्रार केली. दुपार कलली. घाईसाहेब येऊन नुसता खाकरून गेला.

मग तिला आठवलं, सासूबाईंचं मन बदललं ते पडदा टांगून झाल्यावर. तिने कोठार जोडलं, पुढची पानं भरली, मग मागे येऊन ते काढलं आणि काम पुरं होऊ दिलं. 'पूर्ण झाले' अशी पाटी आली. ही पाटी आली की तपासणारे उठतात. आजवर तीही उठायची. ते काढलेलं कोठार चाचणीपुरतं तिचंच होतं; आज तिने ते मुद्दाम बंद केलं, नुकताच मांडलेला कॉम्प्युटर सुरू केला आणि अपडेट मागितले.

कॉम्प्युटर त्या काढलेल्या कोठाराचंच दार ठोठावत बसला. ते उघडेना, म्हणून बाकीच्या कोठारांतूनही काही घेईना. कोठार निघालं होतं, पण त्याचा पत्ता आतच राहिला होता.

"या बघायला, साहेब."

घाईसाहेब वाकून बघत राहिला, मग खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसला. "हे घरोघर गेलं असतं हो! थांबवा, ताई. यापुढे मला विचारूही नका."

"विचारणार तर! तुम्हाला छळायचं नाही, तर छळू कुणाला?"

दोघंही हसली. मग तो हळूच म्हणाला, "आधीच्या आवृत्तीत?"

तिने तीही लावून पाहिली. तिथेही तेच. धाकटीचं हसू मावळलं. ती आवृत्ती तिने स्वतःच्या हाताने गल्लीच्या टोकाच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना बसवून दिली होती. तिथेही एक कोठार जोडून, नको म्हणून काढलं होतं, आणि ते आता बंद पडलं होतं. सगळं ताजं होत असेल या भरवशावर बाई बिचाऱ्या रोज त्यावर रुग्णांच्या नोंदी करत असतील.

तिने पर्स उचलली आणि घरी फोन लावला.

"आई, मला जरा उशीर होईल. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरमधला जुना पत्ता काढून येते."