टिटवीचं सोंग

आमच्या बांधापलीकडच्या काकांना फसवणं सोपं नाही. आदिलाबादच्या बैलबाजारात ते तेल चोपडलेल्या शिंगांकडे बघतही नाहीत, आधी बैल चालवून दाखवायला लावतात. म्हणतात, “शिंगाले तेल लावता येते, चालीले नाई.”

परवा ते वावर वखरत होते. अचानक पुढ्यात एक टिटवी पंख मोडल्यासारखी फरफटू लागली. काका बैल थांबवून तिच्यामागे थेट माझ्या बांधापर्यंत आले. तिथून ती खुशाल उडून गेली.

“फसले न काका तुमी!” मी हसलो.

“हिचे अंडे मांगं ढेकळात हायेत, दिसले मले. तेथून वखर वळवून घेतो,” ते म्हणाले. “पन बिचारी एवढं सोंग करून राह्यली, कोनी फसाले पायजे का नाई?”