रडवेला शॉट

लग्नसराई संपली की आमच्या स्टुडिओतल्या हार्ड डिस्का भरलेल्या असतात आणि डोकी भंजाळलेली. हार्ड डिस्क रिकामी तरी करता येते, किस्से मात्र साचतच जातात. मी एडिटर. कसबा बावड्यातल्या एका खोलीत बसून रोज दुसऱ्यांच्या पोरींची पाठवणी बघतो. कंटाळा आलाय राव!

आमचे कॅमेरामन सदामामा. नवीन माणूस आला की त्याला मामांचा पहिला धडा ठरलेला. "रडकी नवरी कोणबी घेतंय. आपल्याला रडवेली पायजे! डोळ्यात पाणी आलंय, पर अजून पडलं न्हाय, तवर घ्यायचं. पडलं की संपलं!"

* * *

कळंब्याची एक नवरी हसतहसतच गाडीत बसली. आठवड्याने तिचे वडील स्टुडिओत हजर.

"पावणं काय म्हणतील? दुसऱ्या कुणाचं तरी थोडं रडणं जोडा की!"

"काका, साडी वेगळी दिसेल."

"मग लांबनं दाखवा!"

* * *

राधानगरीकडच्या लग्नात नवरी ठणठणीत आणि नवरदेवच हुंदके देतोय! नवरी त्याच्या कानात कुजबुजली, तेव्हा माइक चालू होता. "अहो, पुसा की डोळं. माझ्या शूटिंगची वाट लागली!"

नवऱ्याच्या आईचा फोन आला, "त्येचं रडणं तेवढं कट करा." केलं. पाठवणीत नवरदेवच उरला नाही.

* * *

एकदा ऐनवेळी बॅटरी संपली. ती बदलेपर्यंत मायलेकींचं रडून झालं होतं.

मामा नवरीच्या आईला म्हणाले, "ताई, परत एकदा गळ्यात पडा की."

"आता कुठलं रडू? आत पंगत बसलीया, रस्सा संपलाय!"

* * *

मागच्या महिन्यात मामांच्या एकुलत्या एक पोरीचं, सुप्रियाचं लग्न झालं. "तिची पाठवणी मीच घेणार," असं मामा वर्षभर ऐकवत होते. मामी म्हणाल्या, "आज बाप म्हणून हुबं ऱ्हावा की." ऐकतील तर शपथ!

दुसऱ्या दिवशी मामा कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. "लाव. काल डोळ्यापुढं सगळं अंधूक झालतं. पोरीचं तोंडच धड दिसलं न्हाय. म्हटलं, हितं बघू."

रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. मामांनी घाईत ते दोनदा दाबलं होतं. त्यामुळे पाठवणी नाहीच! गाडी गेल्यावर बंद करायला म्हणून दाबलं, तेव्हा रेकॉर्डिंग सुरू झालं. पडद्यावर मांडवातली सतरंजी, मामांचे पाय आणि मामींचा आवाज.

"घावली का पोरगी कॅमेऱ्यात?"

"घावली की. एकदम झकास."

मामांनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग खिशातून फोन काढून पोरीला व्हिडिओ कॉल लावला.

"काय झालं, पप्पा?"

"काय न्हाय. जरा माझ्याकडं बघ. हसू नको."

ती आणखीनच हसायला लागली.

"बरं, हास," मामा म्हणाले, "पर फोन ठेवू नको."