पांढऱ्या डबीतलं औषध

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही ती एका क्रीमच्या डबीची तक्रार. मी तेव्हा बेंगळुरूच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी आटोपत होती. ओढणीने तोंड झाकलेली एक तरुणी आत आली. नागपूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. माझं आडनाव पाटीवर वाचून ती मराठीतच बोलू लागली.

"सर, हे क्रीम लावलं की चेहरा एकदम मस्त दिसतो. बंद केलं की नुसती आग होते. पार्लरवाली म्हणते, लावत राहा."

तिने ओढणी काढली आणि आमची महिला हवालदार दचकली. दोन्ही गाल लालबुंद, त्यावर बारीक पुरळ.

तिने पुढे केलेल्या पांढऱ्या डबीवर स्पष्ट लिहिलं होतं, सौंदर्यप्रसाधन. मला पेच पडला. एखादं क्रीम एखाद्याला सोसत नाही, त्यात गुन्हा कोणता? म्हणून मी औषध निरीक्षकांना बोलावलं.

"लेबल काय, कुणीही छापतं," ते म्हणाले. "क्रीम काय करतं म्हणून विकलंय आणि आत काय आहे, ते पाहायचं. त्वचा स्वच्छ ठेवणं, सजवणं हे प्रसाधनाचं काम. रोग बरा करायचा, त्वचेच्या आतल्या कामात बदल करायचा, तर ते औषध. आणि स्टेरॉइड असेल, तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकताच येत नाही."

औषध कायद्याखालचा खटला त्यांनी भरायचा, फसवणुकीचा तपास आम्ही करायचा, असं ठरलं. एचएसआर लेआउटमधल्या त्या पार्लरमधून पंचांसमक्ष नमुने घेतले, सील केले. प्रयोगशाळेचा अहवाल आला: आत तीव्र स्टेरॉइड.

आता माल पुरवणारा हवा होता. पार्लरवालीला चौकशीला बोलावलं. चाळिशीची बाई, आमच्यासारख्याच पिढ्यान् पिढ्या इथे रुजलेल्या मराठी घरातली. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: "मला काही ठाऊक नाही, अण्णा. एक माणूस आणून देतो."

धमकावून काही निघेना. पण एक गोष्ट माझ्या नजरेस आली. खिडकीतून ऊन येताच तिने खुर्ची सरकवली. मग कानडी मिसळत म्हणाली, "स्वल्प पंखा वाढवा ना." ओला रुमाल सारखा गालावर. घामाने पावडर ओघळली, आणि खाली तोच लालबुंद रंग.

मी पेन खाली ठेवलं. "अक्का, तुम्हीपण हेच लावता?"

तिला रडू फुटलं. "दोन दिवस सोडलं की तोंड पेटतं, अण्णा. आधी वाटलं, माझीच कातडी वाईट. मग गिऱ्हाइकंही तेच सांगायला लागली."

"कळलं होतं, तर त्याचं नाव का लपवलंत?"

"तो पकडला गेला तर क्रीम बंद. मग हे तोंड घेऊन मी कुठे जाऊ?"

आरोपीला पाठीशी घालण्याची नाना कारणं मी ऐकली होती. हे नवीन होतं.

तिला आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. स्टेरॉइडची सवय लागलेली त्वचा ते थांबवलं की पेटते, पण उपचार होऊ शकतात, हे कळल्यावर तिने स्वतःहून सविस्तर जबाब दिला. होसकोटेजवळच्या एका भाड्याच्या शेडवर आम्ही छापा घातला. पूर्वी औषधं विकणारा तो माणूस स्टेरॉइड मलमाच्या नळ्या पिळून साध्या कोल्ड क्रीममध्ये कालवत होता, वर मोगऱ्याचं अत्तर.

"सर, मी विष नाही विकलं," तो शांतपणे म्हणाला. "हे मलम तर डॉक्टरही देतात."

"डॉक्टर कुणाला, किती आणि कधीपर्यंत ते सांगतात," बरोबर आलेले औषध निरीक्षक म्हणाले. "तू काय सांगितलंस?"

त्याने अत्तराच्या बाटलीचं झाकण लावलं.

त्याच्याबरोबर पार्लरवालीवरही दोषारोपपत्र गेलं. तिचं काय करायचं ते न्यायालय ठरवणार होतं. त्या तरुणीचा चेहरा बरा व्हायला कित्येक महिने लागले. पार्लरवालीचे हाल मी तिला सांगितले, तेव्हा तिने गालावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मला तिची दया येते, सर. पण आग होते हे माहीत असून तिने मला 'लावत राहा' सांगितलं."

चौकशीला बसलेला माणूस गप्प असला की मी समजत असे, तो गुन्हा लपवतोय. पार्लरवालीच्या चौकशीनंतर मात्र, त्याला कुठे दुखतंय का, हेही मी विचारू लागलो. तसं विचारल्याने गुन्हा माफ होत नाही; पण माणूस बोलतो.