एल्बियोच्या कुंड्यांतली राख

एल्बियो स्वतः गांजा ओढत नसे. त्या वासानंच त्याचं डोकं दुखायचं. तरी त्याच्या परसात गांजाच्या सहा कुंड्या होत्या. आमच्या देशात कायद्यानं घरटी तेवढ्याच चालतात, आणि त्यानं त्या रीतसर नोंदवलेल्या होत्या. झाडं नीबियासाठी होती. नीबिया म्हणजे त्याची बायको. तिचा कर्करोग हाडांत उतरला होता.

आमच्याकडे उन्हाळा एप्रिलपर्यंत सरतो; तेव्हा एल्बियो फुलं तोडायचा, वाळवायचा, त्यांचं तेल करायचा. नीबिया रोज रात्री त्याचे काही थेंब जिभेखाली घ्यायची. दुखणं जात नसे, पण झोप लागे. दुकानातलं तेलही आणून पाहिलं होतं. त्यानं तिला ओकाऱ्या व्हायच्या. डॉक्टरांच्या सुया होत्या, पण त्यांतून जाग आली की ती माणसं ओळखत नसे, म्हणून ती सुया नको म्हणायची. तेलाची बाटली डिसेंबरात निम्म्याच्या खाली आली. नवं तेल एप्रिलशिवाय मिळणार नव्हतं.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मिनास गावच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी नुकतीच साहित्यात पदवी घेतली होती. गावात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. संध्याकाळी एल्बियो येर्बाच्या पाल्याचा कडू काढा भरून परसात बसायचा आणि मला हाक मारायचा. मी त्याला आदरानं डॉन एल्बियो म्हणायचे. सुक्या भोपळ्याच्या एकाच तुंब्यातून, एकाच नळीनं आम्ही आळीपाळीनं प्यायचो. असं पिणाऱ्यांची मैत्री व्हायला वयाची अडचण येत नाही.

"मास्तरीणबाई, आज काय शिकवलंत?"

"एक कविता."

"पोरांना कळली?"

"नाही."

"मग चांगली असणार."

तो चुन्याच्या भट्टीवर कामाला होता. आमच्या डोंगरात सगळीकडे चुनखडी आहे. दगड भाजायचा, चुना करायचा, पोत्यात भरायचा. सगळं आयुष्य त्यातच गेलं. त्याच्या बोटांची कातडी कागदासारखी कोरडी होती, पेराशी चिरलेली. नीबिया लग्नाचे झगे शिवायची. तो घरी आला की त्याला आधी मोरीत पाठवायची. पांढऱ्या कापडाला पांढरा डाग पडला तर तो सगळ्यांत वाईट दिसतो, असं ती म्हणायची. मुलगी एक, ती स्पेनमध्ये. फोन करायची, रडायची, ठेवून द्यायची.

दर रविवारी परसात असादो व्हायचा. विटांच्या चुलवणात लाकडं पेटवायची, निखारे झाले की जाळीखाली ओढायचे आणि मांस सावकाश भाजायचं. हे आमच्याकडे घरोघरी होतं. पण नीबिया अंथरुणाला खिळल्यापासून तिची माणसं दर रविवारी यायला लागली. बहीण झुल्मा सगळ्यांत आधी. माणसं वाढली, लाकडं वाढली, राख वाढली. एल्बियो ती राख चाळून डब्यात भरून ठेवायचा आणि कुंड्यांत घालायचा. त्याचा बाप कांद्याच्या वाफ्यात घालायचा. लिंबाच्या बुंध्याशी घालायचा. आमच्याकडे सगळेच घालतात.

"लाकडातली ताकद आहे ती," एल्बियो म्हणायचा. "फेकून कशी देऊ?"

नाताळच्या सुमाराला कोवळी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. बाकी पान लिंबाच्या सालीसारखं.

"एल्बियो, तुझ्या झाडांना तुझंच म्हातारपण लागलं बघ," झुल्मा हाडावरचं मांस सोलत म्हणाली.

"तू खा. तोंडाला काम दे."

"तोंडाला काम आहे म्हणून तर बोलतेय."

नीबियाची खाट खिडकीशी होती. ती आतून म्हणाली, "दोघांनाही पुरा रे कुणीतरी एका कुंडीत. खत तरी होईल."

सगळे हसले. एल्बियोही हसला, पण डोळे पानांवर होते.

त्याला वाटलं, झाडं उपाशी आहेत. त्यानं कोंबडीखताचं पाणी घातलं. पानांची टोकं करपली. मग त्यानं थोडी राख वाढवली. जानेवारीत नवी पानं जवळजवळ पांढरी यायला लागली. झाडं गुडघ्याएवढी होऊन थांबली. आदल्या वर्षी याच दिवसांत ती त्याच्या खांद्याला लागत होती.

मला बागेतलं काही कळत नाही. मी शोधून वाचलं आणि शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानातून पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता किती ते, पाहायच्या पट्ट्या आणल्या. कुंडीतली चमचाभर माती शुद्ध पाण्यात ढवळली, गाळली, पट्टी बुडवली. ती गडद निळी झाली.

"म्हणजे काय?" एल्बियोनं विचारलं.

"मातीचा सामू आठच्या वर गेलाय, माती अल्कधर्मी झालीय. या झाडांना साडेसहाच्या आसपास लागतो."

"पण मी खायला घालतोय ना त्यांना!"

"घालताय. लोह आहे, सगळं आहे. पण इतक्या सामूला मुळांना ते उचलता येत नाही. ताट भरलंय, तोंड शिवलंय. तुम्ही चुन्यासारखं काही घालता का, डॉन एल्बियो?"

त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग डब्याकडे.

"राख," तो म्हणाला. "राख आणि चुना सख्खी भावंडंच आहेत गं. भट्टीवर कुणी विचारलं असतं तर झोपेतसुद्धा सांगितलं असतं. घरात कुणी विचारलंच नाही. मीही नाही." मग विहिरीकडे मान करून म्हणाला, "आणि वर विहिरीचं पाणी. तेही चुनखडीतलंच."

"काय झालं रे?" नीबियानं आतून विचारलं.

"काही नाही. पाणी जास्त झालं."

"अच्छा," नीबिया म्हणाली. तिला तो खोटं बोललेला कळायचा.

पुढचे दिवस त्यानं वेड्यासारखं काम केलं. पिंपातल्या पाण्यात थेंब थेंब व्हिनेगर घालून पट्टी साडेसहावर आणायचा, मगच झाडांना द्यायचा. एकदोन दिवस बरं वाटायचं. पण मातीत मुरलेली राख सामू पुन्हा वर न्यायची. गंधक घालता आलं असतं, पण त्याचा गुण यायला काही महिने लागतात. महिने नव्हते. शेवटी आम्ही डोंगरावरच्या पाइनच्या रानात गेलो आणि झाडांखालची काळी, भुसभुशीत माती पोत्यांत भरून आणली. त्यानं झाडं उपटून मुळं हलक्या हातानं धुतली आणि नव्या मातीत लावली. सहाही माना टाकून बसली. बरेच दिवस ती जगतील की मरतील ते कळेना.

आणि त्यानं असादो बंद केला.

"राख रस्त्यावर टाक ना," नीबिया म्हणाली. "विस्तव कशाला बंद केलास?"

"माझ्याच्यानं पेटवत नाही."

झुल्मा एका रविवारी पास्ता घेऊन आली. "मांस नाही, धूर नाही. हे काय, सुतक आहे का?" असं बोलून गेली आणि जीभ चावली. पुढच्या रविवारी ऊन फार आहे म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा फोनही आला नाही. बाकीचे तर मांसासाठीच यायचे. तसं कुणी म्हणत नसे, पण आमच्याकडे विस्तवाशिवाय लोक कुठे बसावं ते कळत नाही.

फेब्रुवारीत बाटली संपली. एल्बियोनं ती उभी उलटी करून ठेवली, मग थोडं कोमट खोबरेल घालून विसळली आणि तेही तिला दिलं. भिंत पातळ होती. नीबिया ओरडत नसे. ती आकडे मोजायची, हळू, शिवताना टाके मोजावेत तसे. आकडे फार पुढे जायचे.

एका संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. एल्बियो नवी पानं दाखवायला एक कुंडी खिडकीत ठेवून तिची फांदी आत वाकवून उभा होता. पानं खरंच हिरवी येत होती.

"बघ," तो म्हणाला. "धरली झाडांनी."

"छान आहेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "एल्बियो, झोप लागत नाही तेव्हा झुल्माची बडबड बरी वाटायची. माझ्या डोक्यात ती रविवारची रविवारपर्यंत पुरायची. तीही तू बंद केलीस."

त्यानं फांदी सोडली. ती परत जागेवर गेली.

रविवारी त्यानं विस्तव पेटवला. झुल्माला जाऊन घेऊन आला. ती उशाशी बसून बोलत राहिली. शेजारीण, बसचा वाहक, कुणाचं तरी मोडलेलं लग्न. नीबियाचे डोळे मिटलेले होते. डॉक्टरांनी सुई सुरू केली होती. आता तिला नको म्हणायची ताकद नव्हती. एल्बियोनं मांसाचा नखाएवढा तुकडा तिच्या ओठांशी धरला. तिनं तो घेतला नाही. झुल्मा त्याच्याकडे न बघता बोलतच राहिली.

मार्चमध्ये नीबिया गेली.

मी काय लिहावं? मी पुस्तकांत मरणं खूप वाचलीत. इथं तिच्या खोलीत शिवणयंत्र होतं, त्यावर औषधं होती. एवढंच.

एप्रिल आला तेव्हा झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. फुलांनी फांद्या वाकल्या होत्या. गल्लीपर्यंत वास यायचा. मी एल्बियोला म्हटलं, आता तोडायला हवीत, पाऊस लागला तर कुजतील.

"हो," तो म्हणाला, आणि तोडली नाहीत.

पाऊस लागला. फुलांच्या पोटात करडी बुरशी धरली.

ऊन पडलं तशी मी सकाळी परसात गेले. तो एकेक झाड उपटत होता. कुंडी आडवी करायची, बुंधा धरायचा, ओढायचं. अखेरचं झाड हातात धरून त्यानं माती झटकली. मुळं दाट होती, दुधासारखी पांढरी, कुंडीच्या आकाराची झालेली.

"बघ पोरी," तो म्हणाला. "कशी आलीत. एकही काळं नाही."

त्याच्या आवाजात क्षणभर खरंच आनंद होता. कारागिराचा असतो तसा. मग तो आनंद विझला. झाड त्याच्या दोन्ही हातांत तसंच राहिलं. त्यानं परसात इकडेतिकडे पाहिलं.

"हे कुठे ठेवू?" त्यानं मला विचारलं.

मी हात पुढे केले.