चढायला लिफ्ट, उतरायला जिना

सर बोलायच्या आधी रेघ ओढायचे. समोर जे सापडेल त्यावर. वर्गात फळ्यावर, हॉटेलात टेबलावर सांडलेल्या चहात, आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरच्या सीटवर. मी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे सीटवर राखेचा थर कायमचा. सर त्यात बोटाने आडवी रेघ मारणार आणि म्हणणार, "ही वरची बाजू, ही खालची. आता सांग गा, मधातल्या माणसाले कुठं बसवशील?" मग सीट पुसायचं काम अर्थातच माझं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा मास्तर असेल, जो निवृत्त होतो पण तास संपवत नाही. आमचे सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. पारशिवनीकडच्या शेतकरी घरातले. अमेरिकेत कधी गेले नाहीत, पण तिथलं यादवी युद्ध असं शिकवायचे की ते भांडण जणू त्यांच्या काकाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर झालं असावं. मी आधी त्यांचा विद्यार्थी, पुढे नशिबाने शेजारी. म्हणजे तो पेपर मला दोनदा झाला.

गंमत अशी की युद्धात त्यांना रस नव्हता. "लढाया पुस्तकात वाचा," म्हणायचे. त्यांचा जीव अडकलेला त्याआधीच्या वर्षांत. गुलामगिरी ठेवायची की नाही यावर अख्खा देश भांडत होता आणि दर खेपेला पुढारी मधला तोडगा काढून घरी जात होते. गुलाम ठेवणारं एक नवं राज्य घेतलं की न ठेवणारंही एक घ्यायचं, तराजू सारखा. मग नकाशावर रेघ. रेघेच्या वर गुलामगिरी नाही, खाली चालेल. सर ती रेघ खडूने पुन्हापुन्हा गिरवायचे आणि आमच्याकडे वळून म्हणायचे, "मिटलं नाही गा, ढकललं."

तिथल्या संसदेत गुलामगिरीच्या बाजूच्या एका सभासदाने विरोधातल्या एकाला भर सभागृहात काठीने रक्त निघेपर्यंत मारलं, हे सांगताना ते नेहमी थांबायचे. "मारलं त्याचं मले नवल नाही. पण पुढं काय झालं माहीत हाय? मारणाऱ्याले त्याच्याकडच्या लोकांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. त्या दिवशीच देश फुटला. बंदुका मंग आल्या."

घरी त्यांचे तास विमलबाई ऐकायच्या. सरांच्या पत्नी असल्यापासून त्या कामाला. पत्नी गेल्या, मुलगी पुण्याला, आणि पाचव्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभरात बोलणारं माणूस म्हणजे विमलबाई. सर ओल्या फरशीवर पायाच्या अंगठ्याने रेघ ओढायचे आणि विमलबाई म्हणायच्या, "पाय वर घ्या सर, तुमची अमेरिका पुसून राहिली मी." दोघं हसायचे. मी स्वतः ऐकलंय.

विमलबाईंचे गुडघे गेलेले होते. त्यामुळे लिफ्ट बंद तर विमलबाई बंद, हा साधा हिशोब.

आणि नेमकी बायांना लिफ्टच बंद करायची टूम निघाली. जुनी काढून नवी बसवली, आत आरसा, पंखा. लगेच पहिल्या मजल्यावरच्या बोंद्रेकाकांनी ठराव आणला: कामवाल्या बायांनी जिना वापरावा. कारण काय, तर बादल्यांचं पाणी सांडते, वास येतो. ज्यांच्या घरचं सगळं त्याच बायांच्या हातचं, ते हे बोलत होते! दुसऱ्या मजल्यावरची एक तरुण वकीलबाई उसळली. म्हणाली, "माणसाले लिफ्ट नाही म्हणता, लाज नाही वाटत?" झालं. अर्धी सोसायटी तिच्याकडे, अर्धी बोंद्रेंकडे.

सर अध्यक्ष. सभेत दोन्हीकडून आरडाओरडा सुरू असताना त्यांनी टेबलावरच्या चहात बोट बुडवून रेघ ओढली. "आयका. चढताना लिफ्ट, उतरताना जिना. चढाव जड असते, उताराचं काय! दोघायचं राहिलं." टाळ्या पडल्या. समोसे आले. प्लेटा विमलबाईच वाटत होत्या.

मी कानाशी जाऊन विचारलं, "सर, मिटलं का ढकललं?"

"अबे, लिफ्ट हाय ही. गुलामगिरी कुठं अन् हे कुठं! येवढं मले समजते." पण समोसा त्यांनी अर्धाच खाल्ला.

पुढचं सांगायलाही कंटाळा येतो, इतकं ते ठरल्यासारखं झालं. बाया कधीकधी उतरतानाही लिफ्टमध्ये शिरायच्या. मग बोंद्रेंनी नियम वाढवला: दिसेल त्याने वॉचमनला सांगायचं आणि वॉचमनने बाईला बाहेर काढायचं. वॉचमन उमरेडकडचा, विमलबाईंना मावशी म्हणणारा. त्याने एकदा खाली मान घालून त्यांना तिसऱ्या मजल्यावर उतरवलं. सरांना कळलं तेव्हा ते माझ्या स्कूटरला टेकून उभे होते. "तिकडं बी असाच कायदा केल्ता. पळून आलेल्या गुलामाले धरून द्या. ज्याले पटत नाही त्यानं सुद्धा." बोट राखेवर ठेवलं, पण रेघ काढली नाही.

एका सकाळी बोंद्रेकाका विमलबाईंवर भर पार्किंगमध्ये ओरडले. कोणीतरी त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वाटलं, आता तरी लाजतील. पण त्याखाली पटापट अंगठे यायला लागले. शाबास काका, असंही एकाने लिहिलं. सरांनी माझ्या हातातला मोबाइल घेतला, डोळ्यांजवळ नेला. "पाहा गा. काठ्या पाठवून राहिले."

त्या आठवड्यात ग्रुपचे दोन ग्रुप झाले. सव्वीस जानेवारीला झेंडा एकच होता, पण एक टोळकं जिन्याकडे उभं, दुसरं फाटकाकडे. बुंदीसुद्धा दोन ठिकाणची. दोरी सरांनी ओढली. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की मी कोणाचीच बुंदी घेतली नाही.

त्याच दिवशी विमलबाई त्यांना म्हणाल्या, "सर, चढतानी येवढं नाही दुखत. उतरतानीच जीव जाते. तुमी त मले विचारलंच नाही."

हे मला सरांनीच सांगितलं. सांगताना ते बाप्पा, बाप्पा करत होते. "आयुष्यभर पोट्ट्यायले शिकवलं की तोडगे काढणाऱ्यायनं गुलामायले कधी इचारलं नाही. अन् ते बाई माह्या समोर प्लेटा वाटून राहिली होती गा!"

त्यांनी पुन्हा सभा बोलावली. बोंद्रेंना आता चढायलाही लिफ्ट द्यायची नव्हती, वकीलबाईंना अर्धीमुर्धी सवलत नको होती, आणि सरांचं ऐकायला कोणालाच वेळ नव्हता. नियम तसाच राहिला, अध्यक्षपद सोडलं सरांनी. विमलबाईंनी जवळच एका बैठ्या बंगल्यात काम धरलं. जाताना रडल्या म्हणे. पण गुडघ्यांपुढे कोणाचं चालतं?

त्यानंतर सर खाली यायचे ते जिन्याने. रोज. एकदा तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले दिसले, धाप लागलेली.

"सर, काहून असं करता? लिफ्ट आहे ना."

"उतरून पाहून राहिलो," ते म्हणाले. "खरंच दुखते गा."

मी त्यांच्याशेजारी बसलो. दुसरं काय करणार होतो?

सर गेले ते सकाळी, चहा पिता पिता. बातमी ऐकून विमलबाई आल्या. लिफ्टने चढल्या, तेवढी परवानगी होतीच. त्यांनी सरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने न्यायचं ठरलं. बोंद्रेकाका पुढे, वकीलबाईंचा नवरा मागे, दोन्ही ग्रुपांनी मिळून सरांना उतरवलं. तिरडी खाली तयार होती.

मी लिफ्टचं दार धरून उभा राहिलो. "विमलबाई, या. आज कोणी काही म्हणणार नाही."

त्यांनी डोळे पुसले. "नाही दादा. सरायनं मले चढाले लिफ्ट देल्ली अन् उतराले जिना. आज त्याईचा शब्द काहून मोडू?"

कठडा धरून, आडवं होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरायला लागल्या. मी मागे. तिसऱ्या मजल्यावर असताना खालून आवाज आला, "चला, उचला." मी ओरडलो, थांबा रे जरा, बाई येऊन राहिल्या! पण रामनामाच्या घोषात कोणाला ऐकू जातं?

आम्ही पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये कोणी उरलं नव्हतं. स्कूटरच्या सीटवर राख होती, तिच्यावर रेघ नव्हती. विमलबाई शेवटच्या पायरीवर बसल्या आणि फाटकाकडे पाहत गुडघा चोळत राहिल्या.