तय्यब परकारांची चार रकान्यांची वही

तय्यब परकार यांच्या वहीत एकतीस शब्द आहेत. पहिल्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात पोलिश, तिसऱ्यात मराठी, सारे देवनागरीत. कॉवर्ड, त्खूश, भित्रा. शेम, फ्स्तित, लाज. डिसग्रेस, हाइन्बा, नामुष्की. पोलिश उच्चार त्यांनी नुसत्या कानाने टिपलेले आहेत. ते मी एका पोलिश भाषकाकडून तपासून घेतले. चूक फक्त दोन ठिकाणी निघाली. चौथ्या रकान्यात तो शब्द कोणी कोणाला ऐकवला, याची तारीखवार नोंद आहे.

हर्णैचे तय्यबचाचा दुबईत सुपरवायझर आहेत. इमारतींच्या बाहेर दोरावर लटकून काचांचे सांधे तपासणारी पथके त्यांच्या हाताखाली असतात. गेली काही वर्षे त्यांत पोलिश तंत्रज्ञ येतात. दोर बांधण्यापूर्वी चाचा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "आज जाणार?" 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही आणि कोणी त्याला टोचायचेही नाही, हा त्यांचा नियम.

"शिवी सुरातून कळते, बेटा," ते मला म्हणाले. "हे शब्द माणसं हसत हसत टाकतात. म्हणून शिकायला लागले."

फेब्रुवारी २०२३. जुमेरा लेक टॉवर्समधील एका इमारतीची गच्ची, अडतीस मजल्यांवर. लेशेक नावाचा तंत्रज्ञ कठड्याशी उभा राहिला, खाली पाहिले आणि म्हणाला, "नॉट टुडे." त्याचा जोडीदार हसला. "त्खूश!" मग आणखी मोठ्याने, "फ्स्तिच शे!" म्हणजे, लाज बाळग. लेशेकचे कान लाल झाले. तो हेल्मेटचा पट्टा आवळू लागला.

"खलास," चाचा म्हणाले. "स्टॉप वर्क."

मॅनेजर मुरलीधर धावत वर आले. "तय्यबभाई, क्लायंट खाली उभा आहे. दोर सकाळी तुम्हीच चेक केलात ना?"

"केला. दोर बरोबर आहे."

"मग प्रॉब्लेम काय?"

"माणूस बरोबर नाही."

"अहो, तो तर तयार आहे! पट्टा लावतोय!"

"म्हणूनच."

मुरलीधरांनी आवाज खाली आणला. "पुढच्या महिन्यात तुमचं रिन्यूअल आहे. सही मलाच करायचीय. जरा विचार करा."

चाचांचा करार संपला की व्हिसा संपणार होता, आणि धाकट्या यम्नाची बारावी दुबईतच व्हायची होती. त्यांनी काम थांबवल्याचा फॉर्म मागवला. कारणाच्या जागी लिहिले, 'कामगाराला भित्रा म्हटले गेले.' खाली सही केली.

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका कार्यक्रमात मी ही हकीकत प्रथम ऐकली, तेव्हा तिच्यात दोर अडकवायचा गच्चीवरचा हूक तडकलेला होता आणि चाचांना ते आधीच उमगले होते. मला शंका आली. लिहिण्यापूर्वी मूळ फॉर्म व त्या दिवसाचा तपासणी अहवाल मिळवला, दोन साक्षीदारांना वेगवेगळे भेटले. हूक, दोर, पट्टे, सर्व निर्दोष होते. हे चाचांना सांगताना मी जरा संकोचले. ते मोठ्याने हसले.

"हूक ठणठणीत होता! उगाच मला पीर करू नकोस."

"मग लेशेक उतरला असता तर कदाचित काहीच झालं नसतं?"

"कदाचित. पण नाही म्हणालेला माणूस शरमेनं खाली चालला होता. तसं मी कोणाला सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेशेकला पुन्हा तोच प्रश्न विचारला. तो "येस" म्हणाला आणि उतरला. जोडीदार या वेळी न हसता त्याचा दोर सांभाळत राहिला.

करार दोनऐवजी एकाच वर्षाचा मिळाला. 'वेळापत्रक बिघडवले' हा शेरा मी पाहिला आहे. त्या वर्षात यम्नाची बारावी झाली. चाचांनी त्याच कारणासाठी आणखी दोनदा काम थांबवले. ते दोन्ही फॉर्मही माझ्याकडे आहेत.

वहीची प्रत काढताना मी पहिल्या ओळीपाशी थांबले. 'भित्रा' या शब्दापुढे चौथ्या रकान्यात लिहिले होते: 'मी, शाहबाजला. शारजा, १९९८.' शाहबाज त्यांचा चुलतभाऊ. तो शब्द ऐकून तो बांधकामाच्या परांचीवर चढला आणि पडला. आजही हर्णैत लंगडत चालतो.

"ही ओळ वगळू का?" मी विचारले.

चाचांनी वही माझ्याकडे सरकवली. "तिचीच प्रत आधी काढ. बाकीच्या ओळी तिच्यामुळेच आहेत."