कॉशनवरची गाडी

कमलाकर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी चहाला उशीर झाला की ते अजून "आज लेट चाललंय" म्हणतात आणि त्यांची बायको माधुरी पातेलं आपटते. झाशीतल्या मराठी मंडळाची वेबसाइट सांभाळणं हा त्यांचा म्हातारपणीचा उद्योग. तिच्याच जिवावर मंडळाच्या दोन खोल्या भरायच्या. पेशंट घेऊन आलेले, गाडी चुकलेले मराठी लोक मोबाइलवर राहण्याची सोय शोधायचे आणि फोन कमलाकरांच्या ओरछा गेटजवळच्या घरी वाजायचा.

उन्हाळ्यात जुन्या सर्व्हरवाल्याने गाशा गुंडाळला. कमलाकरांनी चष्मा पुसत पुसत सगळी साइट नव्या सर्व्हरवर नेली. त्यानंतर फोन वाजेनासा झाला.

मंडळाचे अध्यक्ष सुबोध म्हणाले, "कमलाकरजी, खोल्या रिकाम्या पडल्यात. मानिक चौकातला एक व्यापारी गोदामासाठी मागतोय. देऊन टाकू या?"

"थोडा धीर धरा, भैया. कॉशन लागलाय."

रुळांचं काम झालं की पहिल्या गाड्यांना हळू जायचा हुकूम असतो, तो कॉशन. रूळ नीट बसले की वेग वाढतो. सर्च इंजिनचा क्रॉलर, म्हणजे जगभरच्या साइट वाचत फिरणारा प्रोग्राम, तो नव्या सर्व्हरवर असाच बेताने येतो आणि सर्व्हरला भार झेपतोय असं दिसलं की वेग वाढवतो. हे कमलाकरांनी वाचलं होतं आणि ते खरंही होतं. रोज सकाळी ते सर्व्हरवरची नोंद उघडत. क्रॉलर येऊन गेलेला दिसे.

"आला होता," ते माधुरीला सांगत.

"पाहुणा आला आणि दारातूनच गेला, त्याचं काय एवढं कौतुक?" ती म्हणे.

गणपती गेले, दसरा गेला. नुसती वाट पाहून माणूस किती दमतो, ते कमलाकरांकडे बघून कळत होतं. सुबोधांचा फोन आला की ते आता उचलायलाच कंटाळत.

एका शुक्रवारी लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या महालक्ष्मीच्या देवळात एक बाई पायरीवर मान टाकून बसलेली दिसली. मोबाइलवर कुणाशी तरी मराठीत बोलत होती. बोलणं संपल्यावर कमलाकरांनी विचारपूस केली. जळगावची होती. प्रवासात सासू गाडीतच कोसळली म्हणून ते लोक इथे उतरले होते आणि रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात काढत होते.

"मग मंडळाकडे का नाही आलात?"

"मंडळ आहे इथं? किती शोधलं हो काका. काहीच दिसलं नाही. आता तर आज रात्रीच निघतोय."

घरी येऊन चपलाही न काढता कमलाकर कॉम्प्युटरसमोर बसले आणि ती नोंद या वेळी शेवटपर्यंत वाचली. क्रॉलर रोज येऊन एकच फाइल उघडत होता, दारावरच्या सूचनेची. ती वाचून परत जात होता. नवी साइट तपासताना कुणी मध्ये येऊ नये म्हणून कमलाकरांनीच त्या फाइलीत लिहिलं होतं: आत येऊ नये. काम झाल्यावर ती ओळ काढायची राहून गेली. कसला कॉशन नि कसलं काय! गाडी लाल सिग्नलला उभी होती, आणि सिग्नल लाल ठेवणारा हा सिग्नल खात्याचा माणूस रोज म्हणत होता, हळू येतेय. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओळ पुसून त्यांनी सुबोधांना फोन लावला. "खोल्या देऊ नका. चूक माझी होती. सिग्नल मीच लाल ठेवला होता."

सुबोध म्हणाले, "त्या व्यापाऱ्याला कालच किल्ली दिली हो, कमलाकरजी."

क्रॉलर मग खरोखरच कॉशनवर आला. आधी दोन-चार पानं, मग आणखी, मग सगळी. आणि एका दुपारी फोन वाजला.

"मंडळाची साइट पाहिली. लातूरहून आलोय, यांना ॲडमिट केलंय. खोली मिळेल का हो?"

कमलाकर रिसीव्हर धरून तसेच उभे. त्यातला बाईचा आवाज माधुरीलाही ऐकू गेला होता. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, पदराला हात पुसले आणि बैठकीतल्या दिवाणावरचे कपडे उचलू लागली.

"अहो, बोलिए ना," ती म्हणाली. "ती बिचारी ताटकळलीय."

"मिळेल," कमलाकर म्हणाले. "रिक्षावाल्याला ओरछा गेट सांगा. मी तिथे उभा असतो."